परीक्षेपुरता कापलेला पाय

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आमच्या बेटावरच्या एका सरकारी इस्पितळात नोकरीला लागले, तेव्हा पेशंटशी बोलणं हे डॉक्टरचं काम समजलं जात नसे. डॉक्टरने बघायचं, दाबायचं, सिस्टरशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. मागे राहिलेला माणूस सिस्टरच्या तोंडाकडे बघत बसे. सिस्टर त्याची चादर सारखी करे आणि क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या रोजच्या बोलीत, म्हणे, "पा त्राकासे." म्हणजे काळजी करू नका. अख्खा वॉर्ड या दोन शब्दांवर चालला होता असं मी म्हटलं तर माझे जुने सहकारी रागावतील. रागावू देत. मीही बरीच वर्षं रागावलेलीच आहे.

मी पुण्यात शिकले. घरून मी जी मराठी घेऊन गेले होते ती माझ्या आजीपणजीची, कोकणातून जहाजात बसून उसाच्या शेतांत आलेली. हॉस्टेलच्या मुली ती ऐकून हसायच्या. शिक्षण संपेपर्यंत माझी मराठी पुस्तकी झाली आणि परत आल्यावर आमच्या आये, म्हणजे आई, मला म्हणाल्या, "तू आता मास्तरनीसारकी बोलतंस." एवढ्या भाषा पालथ्या घालून मी एक गोष्ट मात्र शिकले. माणसाला कळेल असं बोलणं हे औषध देण्याइतकंच अवघड आहे, आणि त्याला तितकाच वेळ लागतो.

माझ्याकडे मधुमेहाचे पेशंट जास्त. आमच्याकडे घराघरात हा आजार. तेर रूज गावचा एक शिंपी होता, अत्यंत शिस्तीचा माणूस. साखर सोडा म्हणून त्याला कुणीतरी सांगितलं होतं, त्याने त्या दिवसापासून चहात साखरेचा कण टाकला नाही. तरी रक्तातली साखर हटेना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले आणि त्याला खोटारडा समजत राहिले. मी एकदा त्याला विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय खाता ते सांगा." चहापाशी आल्यावर तो म्हणाला, "साखर नाही, मादाम. डब्यातलं घट्ट दूध घालतो, तेवढंच." त्या घट्ट दुधात निम्मी साखर असते हे मी त्याला सांगितलं. तो टोपी डोक्यावर ठेवून म्हणाला, "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?" कुणी विचारलं नव्हतं म्हणून. त्याचा एक डोळा तोवर जवळजवळ गेला होता. सुईत दोरा ओवायला तो बायकोला बोलवत असे.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं आजाराबद्दल सांगते. रक्तात साखर फार वर्षं वाढलेली राहिली की ती पायाच्या नसा मारते. पायाला लागलेलं कळत नाही. बुटात खडा असला तरी माणूस दिवसभर चालतो. संध्याकाळी मोजा काढतो तेव्हा रक्त दिसतं. त्यात पायाला रक्त पोचवणाऱ्या नळ्याही अरुंद होतात, म्हणून जखम भरत नाही. मग बोट काळं पडतं. काळं पडलेलं बोट मेलेलं असतं, ते परत येत नाही. पण बोट मेलं म्हणून पाय मेला असं नसतं. पाय किती जिवंत आहे हे हात लावून, नाडी बघून, एक्स-रे काढून ठरवावं लागतं, आणि कधी कधी थांबून बघावं लागतं. एवढंच सांगायचं असतं. पण समोरच्या बाईला आपलं बोट आपल्याच अंगावर मेलंय हे ऐकायचं असतं, आणि तिचं ऐकणं आपल्या सांगण्याहून हळू चालतं. तिच्या चालीने आपण चालायचं, यात सगळी कला.

हे मला चांगलं जमत होतं. म्हणूनच ऐंशी सालानंतर परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाची मधुमेहाची फेलोशिप निघाली तेव्हा मी अर्ज केला. एक वर्ष तिकडे शिकायचं, परत येऊन इथे खास विभाग उभा करायचा. अख्ख्या बेटासाठी जागा एक. वयाची अट होती आणि पुढच्या खेपेला मी तिच्यात बसणार नव्हते. माझे यजमान मोहन शाळेत शिकवायचे. ते म्हणाले, "मुलांचं मी आणि आये बघतो. तू फक्त तिथे भांडू नकोस."

मुलाखत एका इस्पितळाच्या बैठकीच्या खोलीत होती. आम्ही चौघं उमेदवार बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी तिसरी. पहिला आत जाऊन आला आणि टाय सैल करून निघून गेला. दुसरा हसन, माझ्याच वॉर्डातला, हुशार आणि मनाने चांगला मुलगा. तो बाहेर आला तो खुशीत होता.

"आधी पुस्तकातलं विचारतात," तो हळूच म्हणाला. "मग शेजारच्या खोलीत एक पेशंट ठेवलीय. मधुमेहाचा पाय. तो कापायचाय हे तिला समजेल असं सांगायचं. सोपं आहे. बाई गरीब आहे, सगळ्याला मान हलवते."

पुस्तकातलं मला येत होतं. समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त सर्जन, भारदस्त आवाजाचे. दुसरे परदेशातून आलेले प्रोफेसर. तिसरे आरोग्य खात्याच्या कचेरीतले अधिकारी, ते गुण लिहून घेत. प्रश्न संपल्यावर आम्ही सगळे शेजारच्या खोलीत गेलो. तिथे टेबलामागे तीन खुर्च्या, टेबलावर घड्याळ, आणि समोर चाकांच्या खुर्चीत एक साठीची बाई. उजव्या पायाला बँडेज. अंगावर इस्त्रीची अबोली साडी आणि केसांत फूल. इस्पितळातला पेशंट अशी साडी नेसत नाही. बाजूला एक नर्स भिंतीला टेकून उभी होती.

अध्यक्ष म्हणाले, "या पेशंटच्या पायाला गँगरिन आहे, पाय कापावा लागणार आहे. तो का, कसा आणि पुढे काय, हे तिला समजेल अशा भाषेत सांगा. भाषा तुम्हाला हवी ती. घड्याळ लावतो."

मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि तिचं नाव विचारलं. भागीरथी. आडनावावरून कळलं की आपल्यातली. मग मी मराठीत विचारलं, "कुठल्या गावच्या, मावशी?"

तिने मान वर केली. "लालमतीची. तू मराटी बोलतंस, बाय?"

"बोलते."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग टेबलामागच्या तिघांकडे. नंतर आवाज खाली आणून म्हणाली, "मंग मला येक सांग. पैला आला तो म्हनला बोटं कापू. दुसरा आला तो म्हनला गुडघ्याच्या खाली कापू, लाकडाचा पाय लावू. आता तू आलीस. तू कुटवर कापनार?"

मान हलवणारी बाई कशाला मान हलवत होती ते मला त्या क्षणी कळलं. दर माणूस दारातून आत येत होता तसा तिचा पाय आणखी वर कापला जात होता, आणि ती बिचारी साडी नेसून, फूल माळून बसली होती.

"तुम्हाला इथे का आणलं, काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"शिस्टर म्हनली, मोटे मोटे डाक्टर येनार तुजा पाय बघायला. चांगली साडी नेस. लेकीनं काल आनून दिली." मग ती थांबली. "पाय तर कोनी बघितलाच नाय. बसतात, बोलतात, जातात."

मी मागे वळून अध्यक्षांना इंग्रजीत विचारलं, "हिचा पाय कापायचा असं कोणत्या सर्जनने ठरवलंय? आणि कुठून?"

"तो प्रश्न इथे नाही," ते म्हणाले. "तुम्ही धरून चाला की कापायचा आहे."

"म्हणजे ठरलेलं नाही?"

"एक्स-रे व्हायचाय. हे परीक्षेपुरतं आहे, डॉक्टर. धरून चाला."

"आपण धरून चाललोय हे हिला माहीत आहे का?"

कचेरीतले अधिकारी घड्याळाकडे बघू लागले. परदेशी प्रोफेसरांना मराठी कळली नव्हती, त्यांनी विचारलं की पेशंट काय म्हणते. मी तिचं वाक्य त्यांना जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. ते अध्यक्षांकडे झुकून काहीतरी बोलले. अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुमचा वेळ चाललाय," ते मला म्हणाले.

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान गरम होतात. तिचा पाय खरा होता, भीती खरी होती, खोटा होता तो फक्त निर्णय. पुतळा वापरायचा तिथे त्यांनी माणूस वापरला, कारण माणूस फुकट मिळत होता आणि उलटून बोलणार नाही याची खात्री होती. मुलाखतीचा विषय काय, तर पेशंटला समजावून सांगणं. मी बाहेरच्या बाकावर या प्रश्नासाठी मनात वाक्यं जुळवत बसले होते, त्यातलं एकही तिला सांगण्याजोगं उरलं नव्हतं.

मी नर्सला बँडेज सोडायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "याची गरज नाही." नर्सने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली बसून बँडेज सोडू लागली. अंगठ्याशेजारचं एक बोट काळं, कोरडं. बाकी पाऊल उबदार होतं. वरच्या बाजूला मी बोटं ठेवली, नाडी लागत होती. बारीक, पण होती.

"मावशी," मी म्हणाले, "हे एक बोट गेलंय. ते वाचणार नाही, ते काढावंच लागेल. बाकीच्या पायात अजून रक्त चाललंय. तो राहील की नाही हे मला आज सांगता येत नाही. फोटो काढल्यावर कळेल. पण कुणीही अजून तुमचा पाय कापायचं ठरवलेलं नाही."

"मग त्या दोगांनी का सांगलं?"

"त्यांची परीक्षा चालू होती. माझीही. तुमचा पाय आम्हाला प्रश्न म्हणून दिला. तो कापायचाय असं आम्ही नुसतं धरून चालायचं होतं."

मराठीत शब्द सापडला नाही म्हणून असेल किंवा राग त्याच भाषेत येत असेल म्हणून, ती क्रेओलमध्ये बोलली. "ए मो लीप्ये?" आणि माझा पाय? तेवढंच. त्या 'माझा'वर तिने असा जोर दिला की तिघेही हलले. क्रेओल त्यातल्या दोघांना चांगलं कळत होतं.

मग ती मला म्हणाली, "बाहेर अजून कोन हाय?"

"एक आहे."

"त्याला आत सोडू नको."

मी उठले आणि तिची खुर्ची दाराकडे वळवली. अध्यक्ष शांत आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पेशंटला घेऊन बाहेर गेलात तर तुमची मुलाखत इथे संपली असं आम्ही समजू."

मोहन यांचं वाक्य मला आठवलं. मी भांडले नाही. "समजा," म्हणाले आणि खुर्ची ढकलत बाहेर आले. नर्सने दार धरलं.

हे इथे संपलं असतं तर मी तो किस्सा चहाच्या वेळी हसत सांगितला असता. संपलं नाही.

भागीरथीमावशीला तिच्या वॉर्डात पोचवून मी तिथल्या सर्जनला शोधायला गेले. तो तरुण होता, ऑपरेशनमध्ये अडकला होता. मी निरोप ठेवला आणि माझ्या इस्पितळात कामाला परत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा तिथे पोचले, तर खाट रिकामी. भेटीच्या वेळात तिची लेक शांता आली होती. मावशी तिला एवढंच म्हणाली, की हे लोक खोटं खोटं सांगतात, मला घरी ने. वॉर्डातल्यांनी समजावलं, म्हणजे "पा त्राकासे" म्हटलं. तिने ऐकलं नाही. आपल्या जबाबदारीवर घरी गेली.

मी तिला दोष देऊ शकले नाही. तिच्या जागी मीही घरी गेले असते. एकाच सकाळी दोन डॉक्टरांनी दोन ठिकाणी पाय कापला आणि तिसरी सांगते की ते दोघं धरून चालले होते. मग चौथ्यावर, पाचव्यावर तिने विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? माझ्यावर तरी का ठेवावा?

लालमती काही आडरान नाही, पण पत्ता नीट नव्हता. रविवारी मोहन यांनी गाडी काढली. देवळापाशी विचारल्यावर एका माणसाने घर दाखवलं. पत्र्याचं छप्पर, मागे वांग्यांचे आणि मिरच्यांचे वाफे, पलीकडे ऊस. शांता कपड्याच्या कारखान्यात कामाला होती, रविवार म्हणून घरी होती. तिला मराठी कळत होती, उत्तर मात्र ती क्रेओलमध्ये देई. मी कोण ते सांगितल्यावर ती दारातच उभी राहिली.

"आता आणखी काय सांगायला आलात, मादाम?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तसा चढलेला असता तर बरं वाटलं असतं.

"सांगायला नाही आले. पाय बघायला आले."

आतून मावशीचा आवाज आला. "तिला येऊ दे. तिनंच बघितला होता."

पायावर हळद आणि कसला तरी पाला बांधला होता. तो मी सोडला आणि वासानेच मला कळलं. काळेपणा शेजारच्या बोटांत उतरला होता, पाऊल सुजलं होतं, कातडी लाल आणि ताणलेली. अंगात ताप. मी जमिनीवर तिच्याशेजारी बसले.

"मावशी, आता मी जे सांगणार ते वाईट आहे. जखमेत पू झालाय आणि तो वर चढतोय. परवा एक बोट होतं. आज पुढची सगळी बोटं धोक्यात आहेत. तुम्ही इथे राहिलात तर पाय जाईल, आणि पायावर भागलं नाही तर तुम्ही जाल."

तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "हे खरं हाय, का धरून चाललीस?"

त्या खोलीत मी तिला सांगितलेला तो शब्द तिच्या लक्षात राहिला होता. शांता तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागली.

"खरं आहे," मी म्हणाले. "पण माझ्या म्हणण्यावर येऊ नका. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

तिने विचार केला. मग म्हणाली, "जो कापनार हाय, त्यानं यावं. माज्यासमोर बसावं. पाय हातात घ्यावा. आनि कुटवर कापनार ते बोट लावून दाकवावं. त्याच्या वर कापायचं नाय."

"वर कापावं लागलं तर?"

"मंग परत इचारावं. मी काय मरून पडलेली नसंन."

डॉक्टरकीच्या पुस्तकांत संमतीवर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या बाईला जे हवं होतं त्यात अवाजवी काय होतं, ते मला आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही. साधी वागणूक हवी होती. कुळथाचा भाव विचारून माणूस पिशवी पुढे करतो, इथे ती आपला पाय पुढे करत होती आणि तिला भाव कुणी सांगत नव्हतं.

आम्ही तिला गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. शांता शेजारी. वाटेत मावशी एकदाच बोलली, की वांग्यांना पाणी कोण घालणार. शांता म्हणाली, "मी घालेन." इतकंच.

तरुण सर्जनला मी आधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो भोजपुरी बोलणाऱ्या घरातला, त्याला मराठी येत नव्हती. त्याने ऐकून घेतलं आणि पांढरा कोट काढून ठेवला. का काढला ते मी विचारलं नाही. तो तिच्या खाटेवर पायाशी बसला, पाऊल मांडीवर घेतलं आणि क्रेओलमध्ये, सावकाश, सगळं सांगितलं. काय दिसतंय, काय दिसत नाहीये, आत गेल्यावर काय सापडू शकतं. मग बोटाने पावलावर रेघ ओढून दाखवली. बोटांच्या मागे, टाचेच्या बरंच पुढे.

"इथवर," तो म्हणाला. "आत जास्त खराब निघालं तर मी थांबेन, बाहेर येईन आणि तुमच्याशी बोलेन. ते लगेच नसेल, तुम्ही शुद्धीवर आल्यावर. त्यात धोकाही आहे, दोनदा भूल द्यावी लागेल. चालेल?"

"चालंल," ती मराठीत म्हणाली आणि मान हलवली. ती मान वेगळी होती.

जास्त खराब निघालं नाही. पुढचं अर्धं पाऊल गेलं, टाच राहिली. तिचं आधी ऐकून घेतलं असतं, फोटो वेळेवर झाला असता, एक बोट काढलं असतं, तर बाकीचं पाऊल राहिलं असतं असं तो सर्जन मला म्हणाला. तो उगाच बोलणाऱ्यांतला नव्हता. म्हणजे त्या परीक्षेत पाय थोडा तरी खरोखरच कापला गेला. त्या खोलीत सुरी नव्हती एवढंच.

काही आठवड्यांनी मला कचेरीत बोलावणं आलं. मुलाखतीत गैरवर्तन, असा मुद्दा होता. तेच अधिकारी टेबलापलीकडे होते. माणूस वाईट नव्हता, त्याने मला चहा मागवला. मग म्हणाला, "डॉक्टर, शेवटी पेशंटचं ऑपरेशन झालं ना? बरी आहे ना? मग नुकसान काय झालं?"

मी त्याला काय नुकसान झालं ते सांगितलं. बोटांची नावं घेऊन सांगितलं. तो खाली बघत होता. बोलून झाल्यावर त्याने विचारलं, की हे सगळं तुम्ही लेखी तक्रार म्हणून देणार का. मी म्हणाले, देणार. दिलीही. त्या तक्रारीचं काय झालं ते मला कधी कळवलं गेलं नाही. मला समज देण्यात आली आणि एका खेड्यातल्या दवाखान्यात बदली झाली. फेलोशिप हसनला मिळाली.

हसन जाण्याआधी घरी आला. सरबताचा पेला त्याने हातातच धरला. मग म्हणाला, "मी तिला गुडघ्याखाली म्हणून सांगितलं. मला वाटलं, ठरलंय. मी विचारलंच नाही." मी म्हणाले, "तुला विचारू द्यायचंच नव्हतं, म्हणून घड्याळ होतं." लालमतीला तो जाऊन आला होता, ते मला शांताकडून नंतर कळलं. मावशीने इतरांना देते तशी वांगी त्याला दिली नाहीत, पाणी दिलं आणि बसवलं. वर्षभराने तो परत आला आणि त्याने विभाग सुरू केला. चांगला चालवला. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही असं म्हणणं खोटं होईल, पण राग त्याच्यावर नव्हता.

एक बदल मात्र झाला. पुढच्या वर्षापासून मुलाखतीत खरा पेशंट बसवणं बंद झालं. कचेरीतला एक कारकून पेशंट म्हणून बसायला लागला. कुणी म्हणतं, परदेशी प्रोफेसरांनी तिकडून कळवलं. कुणी म्हणतं, माझ्या तक्रारीने. कारकुनाचे दोन्ही पाय धडधाकट होते, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

दवाखान्यात माझी वर्षं चांगली गेली. दुपारी गर्दी सरली की मी लोकांना पाय धुऊन पुसायला शिकवत असे, आरशात तळवा बघायला शिकवत असे. मोंतान्य ब्लांश गावाहून एक जोडपं बसने येई, नवरा बायकोचे पाय बघे आणि बायको नवऱ्याचे, आणि कुणाला किती भेगा यावर दोघं भांडत. पुढे बढती मिळून मी मोठ्या इस्पितळात वॉर्डप्रमुख झाले. मावशी अर्ध्या पावलावर खास शिवलेला बूट घालून बाजारात आपली वांगी-मिरच्या विकत बसत राहिली.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्याच फेलोशिपच्या समितीवर मला बोलावलं. जुने अध्यक्ष गेले होते, नवे सभ्य गृहस्थ होते. मी गेले. तेच घड्याळ, तोच कारकून खुर्चीत बसलेला, पायाला खोटं बँडेज. उमेदवार एकामागून एक आले आणि छान बोलले. सोपे शब्द, ठाम आवाज, पुढे काय होईल ते सगळं नीट.

शेवटची एक मुलगी होती, नुकतीच डॉक्टर झालेली, बहुतेक घाबरलेली. तिने कारकुनाला विचारलं, "तुम्हाला आधी कुणी काय सांगितलंय?" तो गोंधळला, त्याला हे शिकवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मला काही सांगितलं नाही. पाय वाचेल का?" मुलगी म्हणाली, "मला माहीत नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना मी विचारते आणि त्यांना घेऊन परत येते. तोवर कुणीही काही कापणार नाही." घड्याळ वाजलं तेव्हा तिचं सांगणं सुरूच झालेलं नव्हतं.

ती बाहेर गेल्यावर दोघांनी तिला सगळ्यांत कमी गुण दिले. आत्मविश्वास नाही, वेळेचं भान नाही, पेशंटला काहीच माहिती दिली नाही. मी भांडले. आठवून सांगते, की मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला आणि समितीच्या सभ्य अध्यक्षांनी मला पाणी पाजलं. दोनाविरुद्ध एक. ती नापास झाली.

मी त्याच दुपारी कचेरीत गेले आणि ती मुलगी माझ्या वॉर्डात मागून घेतली.